समुद्रावर तरंगणारं गोडं पाणी

मंडळी, गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. कारण नेहमीचंच, रिलीज. आज मात्र सकाळपासून लॅपटॉप फक्त यासाठी उघडलाय. मामाच्या विहिरीवरून डोक्यात एक विषय घोळतोय आणि तो लिहून काढल्याशिवाय सुटका नाही. पण मामाकडे जायच्या आधी माल्टाला जाऊन यावं लागेल. जरा लांबचा वळसा आहे, पण सोबत या.

मागे एका प्रोजेक्टसाठी मी नऊ महिने माल्टात होतो. नकाशात इटलीच्या बुटाच्या खाली सिसिली, आणि सिसिलीच्याही खाली धुळीचा कण पडल्यासारखं जे काही दिसतं तो हा देश. सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान! त्यात पाच लाखांवर माणसं, आणि वर दरवर्षी लाखोंनी येणारे पर्यटक.

पहिल्या दिवशी चहा केला आणि तोंड वाकडं झालं. कुणी चिमूटभर मीठ टाकल्यासारखी चव. घरमालक खाली राहायचे, सत्तरी ओलांडलेले आजोबा. त्यांना विचारलं तर हसले आणि म्हणाले, "नळाचं पाणी पिण्याजोगं आहे बाबा, पण चहासाठी बाटली आण. आमच्या लहानपणी आम्ही चहाला बिरचं पाणी वापरायचो." आणि स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात एक दगडी झाकण होतं, ते सरकवून दाखवलं. खाली काळोख. खडा टाकला तर बऱ्याच वेळानं डुबुक झालं.

'बिर' म्हणजे घराखालची पाण्याची टाकी. माल्टी भाषा मुळात अरबीच्या कुळातली, फक्त लिपी रोमन. अरबीत 'बिर' म्हणजे विहीर. पण माल्टात हा शब्द खडकात खोदलेल्या, गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाकीलाही वापरतात. या टाक्यांनी माझं डोकं असं काही पकडलं, की पुढचे आठ महिने वीकेंडला बीचवर जायचं सोडून मी पाण्याच्या मागे फिरत होतो. (टीममधल्या लोकांनी माझं नाव 'प्लंबर' ठेवलं होतं. असो.)

आता थोडा इतिहास. १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सनं हे बेट सेंट जॉनच्या सरदारांना दिलं. ऱ्होड्स बेट तुर्कांनी हिसकावल्यावर हे लोक बेघर झाले होते. माल्टा घ्यावं की नाही हे ठरवायला त्यांनी १५२४ मध्ये आधीच माणसं पाठवून पाहणी करून घेतली होती. आपण 'साइट व्हिजिट' म्हणतो तसं. रिपोर्ट काही उत्साहवर्धक नव्हता. उघडाबोडका खडक, माती नावाला, नदी नाही, पाणी बेताचं. तरी घेतलं, कारण दुसरा चॉइस नव्हता.

पाणी कुठे आहे आणि कुठे नाही याची किंमत त्यांना १५६५ च्या वेढ्यात कळली. ऑटोमन सैन्य उतरलं आणि त्यांनी तळ टाकला तो मार्सा नावाच्या सखल भागात, कारण तिथे पाणी होतं. ग्रँडमास्टर ला व्हॅलेत (बुद्धिबळातला ग्रँडमास्टर नव्हे, ऑर्डरचा प्रमुख) यानं म्हणे आधीच तिथल्या विहिरी नासवून ठेवल्या होत्या. वेढा मे ते सप्टेंबर, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत चालला. माल्टाचा पाऊस बहुतेक सगळा ऑक्टोबर ते मार्चमध्ये पडतो, आपल्या बरोबर उलटा. तुर्कांच्या छावणीत हगवणीनं माणसं मेली, आणि शेवटी वेढा उठला. फक्त पाण्यामुळे नाही, पण पाण्यामुळेही.

जिंकल्यावर लगेच, मार्च १५६६ मध्ये, त्यांनी नवं तटबंदीचं शहर बांधायला घेतलं. तेच आजचं व्हॅलेटा. आणि इथे मला त्या लोकांना सलाम करावासा वाटतो. शहराच्या बांधकाम नियमांतच एक नियम होता: प्रत्येक घराला स्वतःची टाकी हवीच. काय हुशारी आहे बघा! घर बांधायला दगड लागतो. तो दगड प्लॉटच्या खालीच आहे, मऊ पिवळा चुनखडक, करवतीनं कापता येतो. दगड कापला की खाली आपोआप खड्डा तयार. त्यावर घर, घरावर सपाट गच्ची, गच्चीवरून पन्हळ, पन्हळीतून पाणी खड्ड्यात. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच.

मी इंजिनिअर, त्यामुळे आकडेमोड आलीच. माल्टात वर्षाला पाऊस पडतो साधारण ५५० मिलिमीटर. ८० चौरस मीटरची गच्ची धरली तर वर्षाचे ४४ हजार लिटर. म्हणजे दिवसाला १२० लिटर, सगळ्या घराला! आपल्याकडे शहरात एका माणसामागे १३५ लिटर धरतात. म्हणजे आपल्या एका माणसाच्या कोट्याहून कमी पाण्यात अख्खं कुटुंब. शिवाय उन्हाळ्यात झाकण उघडून वाकलं की किती शिल्लक आहे ते डोळ्यांना दिसतं. हा 'दिसतं' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टाक्या पुऱ्या पडेनात तेव्हा कालवा आला. १६१० ते १६१५ या काळात ग्रँडमास्टर विन्याकूर यानं (हो, ज्याचं चिलखतातलं चित्र कॅराव्हाजिओनं काढलं तोच) राबात आणि दिंगलीच्या टेकाडांतल्या झऱ्यांचं पाणी व्हॅलेटापर्यंत आणलं. सुमारे १६ किलोमीटर, सगळं उतारावर. बराचसा खर्च त्यानं स्वतःच्या खिशातून केला. त्या कालव्याच्या कमानी माझ्या घराजवळ, सांता व्हेनेराच्या रस्त्याकडेला अजून उभ्या आहेत. रोज बसमधून दिसायच्या. आधी वाटलं ही कुठली जुनी भिंत. नंतर कळलं की ही भिंत जवळजवळ तीनशे वर्षं एका राजधानीला पाणी पाजत होती.

या कालव्याची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पण त्यासाठी बेटाच्या पोटात शिरावं लागेल. कंटाळू नका, दोनच मिनिटं.

माल्टा म्हणजे चुनखडकाचे थर एकावर एक. पश्चिमेच्या टेकाडांवर वरच्या चुनखडकाखाली निळसर चिकणमातीचा थर आहे. पाऊस खडकात मुरतो, मातीच्या थराला अडतो आणि टेकाडाच्या कडेनं झऱ्यांच्या रूपात बाहेर येतो. विन्याकूरनं पकडले ते हे झरे. झऱ्याला हात लावा न लावा, तो फक्त भांडं भरून वाहिल्यावर सांडणारं पाणी देतो. तुम्ही कितीही हावरट असलात तरी झऱ्याकडून शिलकीपेक्षा जास्त घेताच येत नाही. सिस्टीममध्येच लिमिट टाकलेलं आहे, युजरवर विश्वास ठेवायची गरजच नाही. मला कालव्यातलं आवडलं ते हे.

खरा मोठा साठा मात्र खाली आहे. चिकणमातीच्या खालचे चुनखडक थेट समुद्रसपाटीच्या खाली जातात. ते स्पंजासारखे, भेगाळलेले. सगळीकडून समुद्राचं पाणी आत घुसलेलं असतं. वरून मुरलेलं पावसाचं पाणी त्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. हो, अक्षरशः तरंगतं! खारं पाणी जड, गोडं हलकं. मध्ये जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत जाणारं, भिंगाच्या आकाराचं गोडं पाणी.

याचं गणित बाडोन गायबेन या डच लष्करी इंजिनिअरनं १८८० च्या दशकाच्या शेवटी मांडलं, आणि हेर्झबर्ग या जर्मनानं १९०१ मध्ये उत्तर समुद्रातल्या एका बेटावर काम करताना पुन्हा स्वतंत्रपणे. गोड्या पाण्याची घनता १, समुद्राच्या पाण्याची १.०२५. भागाकार केलात की उत्तर येतं ४०. म्हणजे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर खाली ४० मीटर खोलीपर्यंत गोडं पाणी असतं. हिमनगासारखं, वर थोडंसं आणि बाकी सगळं खाली.

वाचून खूश झालात ना? मीही झालो होतो. आता हेच गणित उलट करा. उपसा करून तुम्ही पातळी अर्ध्या मीटरनं खाली आणलीत, तर खालून खारं पाणी हळूहळू २० मीटर वर येतं. वर मोजलं तर अर्धा मीटर. कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि एकाच जागी खोल बोअर मारून जोरात पंप चालवलात तर पाणी सगळीकडून सारखं खाली जात नाही, बरोबर पंपाखाली खाऱ्या पाण्याचा सुळका वर चढतो. पंप बंद केला की तो सावकाश खाली बसतो. पण एकदा खडकाच्या भेगांत मीठ शिरलं की ते धुऊन काढायला नुसता पाऊस पडून भागत नाही, बरीच वर्षं लागतात.

इथे मला मामाची विहीर आठवली. आजोळ मालवणकडचं, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी मे महिन्यात जायचो तेव्हा विहिरीवर रहाट होता. पाणी गोड. पुढे मामानं पंप बसवला. दोनेक वर्षांत तक्रार सुरू झाली: सकाळी पाणी गोड, दुपारपर्यंत मचूळ, रात्रभर विहीर तशीच ठेवली की सकाळी पुन्हा गोड. आजी म्हणायची, विहिरीला दम लागतो. आम्ही हसायचो. माल्टात बसून तो सुळक्याचा आकार कागदावर काढला आणि म्हटलं, अरे, आजी बरोबर होती!

समोरच सिंधुदुर्ग. १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर बांधलेला, चारी बाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. शाळेच्या सहलीत गाईड हे 'चमत्कार' म्हणून सांगायचा. तिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, माल्टाच्या पाचपटीहून जास्त. वरून एवढं पाणी मुरत असेल आणि घागरीनं उपसत असाल तर गोडं पाणी टिकणारच. यात चमत्कार काही असेल तर तो घागरीचा.

माल्टातही शेतकरी पूर्वी रहाटच वापरायचे. त्याला तिथे 'सीन्या' म्हणतात. जनावर गोल फिरतं, गाडगी खाली-वर. हा शब्द एका म्युझियममध्ये वाचला आणि उगाच गहिवरून आलं.

मग आले ब्रिटिश. ऑझ्बर्ट चॅडविक नावाचा इंजिनिअर, इंग्लंडात सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणा घडवणाऱ्या एडविन चॅडविकचा मुलगा, यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत माल्टाच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा नीट अभ्यास केला. ओढ्यात छोटे बंधारे घालून पाणी अडवायची आणि जमिनीत मुरवायची कल्पना तिथे त्याच्याच नावानं ओळखली जाते. त्या बंधाऱ्यांना आजही चॅडविक लेक्स म्हणतात. हिवाळ्यात भरतात आणि अख्खं बेट रविवारी ते बघायला लोटतं. मी गेलो तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या पाझर तलावाएवढं पाणी होतं आणि लोक नायगारा बघितल्यासारखे फोटो काढत होते. हसलो खरा, पण नंतर वाटलं, नदी नसलेल्या देशात वाढलं की वाहतं पाणी बघायलाही तिकीट काढून गेल्यासारखंच वाटणार.

मोठं काम झालं ते बोगद्यांचं. त्या भिंगातलं पाणी काढायचं तर एका जागी खोल जायचं नाही, हे माल्टाच्या इंजिनिअरांना कळलं होतं. त्यांनी सुमारे शंभर मीटर खोल उभ्या विहिरी खोदल्या आणि तळाशी, बरोबर समुद्रसपाटीला, आडवे बोगदे काढले. ता कान्द्या इथली बोगद्यांची मालिका काही किलोमीटर लांब आहे. कल्पना अशी, की दुधावरची साय जशी सगळीकडून हळूच काढायची तसं भिंगावरचं पाणी पसरून, थोडं थोडं घ्यायचं. खाली सुळका उठायला वावच द्यायचा नाही. पाण्याचं इंजिनिअरिंग म्हणून मला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो. विन्याकूरनं सांडलेलं घेतलं, यांनी साय घेतली.

आणि मग बोअर आले.

१९६४ ला देश स्वतंत्र झाला. पर्यटन वाढलं, हॉटेलं झाली, स्विमिंग पूल आले. शेतकऱ्याला, हॉटेलवाल्याला, कारखान्याला ड्रिलिंगचं मशीन परवडायला लागलं. आपल्या जमिनीत आपण भोक पाडलं तर कुणाच्या बापाचं काय जातं? हा विचार काही माल्टाचा खास नाही. आपल्याकडे १८८२ च्या ईझमेंट कायद्यापासून जमीनमालकाला खालचं पाणी काढायचा हक्क मानलेलाच आहे. पण भिंग एकच आहे हो. त्याला सात-बारा नाही. सरकार बोगद्यांतून साय काढतंय आणि शेजारचा स्ट्रॉ घालून तळातून ओढतोय.

नळाचं पाणी खारट व्हायला लागलं, पुरेना झालं, टंचाई आली. तेव्हा माल्टानं जे केलं त्याचं जगभर कौतुक झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आर लाप्सी या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करणारा रिव्हर्स ऑस्मॉसिसचा प्लांट उभा राहिला. दिवसाला २० हजार घनमीटर. त्या वेळी या प्रकारातला जगातला सगळ्यात मोठा. आपल्या घरच्या आरओचाच थोरला भाऊ म्हणा, फक्त समुद्राचं पाणी पडद्यातून ढकलायला वातावरणाच्या साठेक पट दाब लागतो. म्हणजे वीज, भरपूर वीज. पुढे आणखी प्लांट झाले, आणि आज नळातल्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त समुद्रातून येतं.

प्रश्न सुटला? मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच तरुण माल्टी मुलांनाही तसंच वाटायचं. "पाणी? समुद्र आहे ना!" नळ सुरू आहे, मग जमिनीखाली काय चाललंय कोण बघतो? शिवाय चव सुधारायला खारट झालेल्या भूजलात आरओचं पाणी मिसळतात. म्हणजे भूजल जितकं बिघडेल तितकं त्यात चांगलं पाणी ओतायचं आणि युजरला फरक कळू द्यायचा नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. मेमरी लीक सापडत नाही ना, मग सर्व्हरला रॅम वाढव. ग्राफ सपाट दिसतो, मॅनेजर खूश. लीक तिथेच असतो.

सरकार गप्प होतं असं नाही. १९९७ मध्ये बोअरची नोंदणी सक्तीची केली आणि हजारो नोंदी झाल्या. न नोंदलेले किती, ते ज्याचं त्याला माहीत. पुढे मोठ्या उपशावर मीटर बसवायला सुरुवात झाली, तीही २०१० च्या सुमारास. म्हणजे बोअर सुरू झाल्यावर कित्येक दशकांनी मोजमाप सुरू. शेतातल्या खतांमुळे आणि जनावरांच्या शेणामुळे बऱ्याच भूजलात नायट्रेट मर्यादेबाहेर गेलंय, त्यातही ज्या झऱ्यांचं पाणी विन्याकूरनं आणलं त्या वरच्या थरात जास्त. टँकर तिथेही आहेत बरं का, 'बाऊझर' म्हणतात. बोअरचं पाणी भरून स्विमिंग पुलात रिकामं करणारे बाऊझर मी स्वतः पाहिलेत. पुण्याची आठवण येऊन अगदी घरच्यासारखं वाटलं.

चांगलंही काही झालं. २०११ पासून देशातलं जवळजवळ सगळं सांडपाणी शुद्ध करूनच समुद्रात सोडतात, आणि २०१७ पासून त्यातलं काही आणखी शुद्ध करून शेतकऱ्यांना 'न्यू वॉटर' म्हणून देतात, बोअर बंद ठेवावा म्हणून. मला हा सगळ्यात शहाणा उपाय वाटतो, कारण तो थेट भिंगावरचा भार कमी करतो. फक्त बोअरचं पाणी फुकट पडत असताना माणूस दुसरं पाणी घेईल का, हा प्रश्न उरतोच.

आणि टाक्यांचं काय झालं? नियम कागदावर अजून आहे. नव्या इमारतीला टाकी हवी. पण खाली पार्किंग हवं, तळघर हवं, आणि फ्लॅट विकणाऱ्याला टाकीचे पैसे कुणी देत नाही. गच्च्यांचं पाणी सरळ रस्त्यावर किंवा गटारात. थोडा जोराचा पाऊस आला की सखल भागात रस्त्याची नदी होते. ज्या देशात नदी नाही तिथे! मुंबईत २००२ पासून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना पाऊसपाणी साठवणं सक्तीचं आहे, त्यामुळे मी माल्टाला नावं ठेवण्याच्या स्थितीत नाही.

२३ डिसेंबर २०१९ ला माल्टात अंधार झाला होता. वादळात एका जहाजाच्या नांगरानं सिसिलीहून समुद्राखालून येणारी विजेची केबल तुटली. ही गोष्ट सांगताना घरमालक आजोबा थोडे गंभीर झाले. वीज आली थोड्या वेळानं, बिघडलं काही नाही. पण ते म्हणाले, "त्या दिवशी मी टॉर्च घेऊन बिरचं झाकण उघडून बघितलं, किती आहे ते. उगाचच." वीज नाही म्हणजे आरओ नाही. आरओ नाही म्हणजे बेटाखाली जे काही उरलंय ते. त्यांना निदान उघडून बघायला झाकण तरी होतं. भिंगाला झाकण नाही.

तर आता मामा. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मामानं घरामागे पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात, मालवणला पर्यटक वाढलेत म्हणून. विहीर पुरत नाही. म्हणून तो बोअर मारतोय. पंप ज्या टोकाला आहे त्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे. ड्रिलिंगवाला येऊन जागा बघून गेला. दोनशे फूट म्हणे.

मी रात्री दीड वाजेपर्यंत बसून चित्र काढलं. घर, विहीर, समुद्र, भिंग, सुळका, सगळं. सोबत लिहिलं: बोअर नको, आहे त्याच विहिरीतून लहान पंपानं, दिवसभर थोडं थोडं उपस. खोल्यांच्या छपरांचं पाणी पागोळ्यांत वाया न घालवता विहिरीजवळ मुरव, तिथे पाऊस काय कमी आहे? एक मोठी टाकी बांध, म्हणजे सकाळच्या गर्दीत विहिरीवर ताण येणार नाही. खर्चाचा अंदाजही एक्सेलमध्ये करून पाठवला. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका आल्या आणि दोन दिवस शांतता.

काल मामाचं उत्तर आलं. "चित्र बघलंय. बरा काढलंस. टाकीचा बघूया. पण दिवाळीक सगळे खोल्ये बुक आसत, तेव्हा पावण्यांका आंघोळीक काय रहाटान पाणी काढून देऊ?"

ड्रिलिंगवाला सोमवारी येणार आहे. मी उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय.